सेव्ह केलेली कनेक्शन फाईल थेट रिमोट डेस्कटॉपमध्ये कशी उघडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट डेस्कटॉप म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या पीसीचा किंवा सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर उघडणं. रोज त्याच सर्व्हरचा पत्ता टाइप करायचा, तेच युजरनेम, तीच स्क्रीन सेटिंग, याचा कंटाळा आला की माणूस कनेक्शन सेव्ह करतो. मग फाईल तयार होते आणि प्रश्न सुरू होतात. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते सगळं इथे एकत्र टाकलंय. जास्त भर विंडोजच्या डॉट आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) फाईलवर आहे कारण बहुतेकांकडे तीच असते, पण लिनक्स, मॅक आणि व्हीएनसी, सिट्रिक्स या दूरच्या मशीनवर काम करायच्या दुसऱ्या पद्धती, हेही मध्ये मध्ये येईल.

या फाईलमध्ये नक्की असतं काय? समोरच्या पीसीचा डेटा येतो का त्यात?

नाही हो, काहीच येत नाही. ती साधी टेक्स्ट फाईल आहे. नोटपॅड उघडा, फाईल ओढून त्यात टाका, सगळं दिसेल. एका ओळीत एक सेटिंग, आणि प्रत्येक ओळीचे तीन तुकडे, मध्ये कोलन: आधी सेटिंगचं नाव, मग एक अक्षर, मग किंमत. ते मधलं अक्षर आय असेल तर पुढे आकडा, एस असेल तर मजकूर, बी असेल तर बायनरी. म्हणजे फुल ॲड्रेस, एस, आणि पुढे सर्व्हरचं नाव किंवा आयपी. स्क्रीन मोड आयडी, आय, आणि पुढे २ असेल तर फुल स्क्रीन, १ असेल तर विंडोमध्ये. बस इतकंच, यात जादू काही नाही.

पण साधी टेक्स्ट आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं समजू नका, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय आणि हे पूर्ण पान वाचायला वेळ नसेल तर निदान तेवढं तरी वाचाच.

डबल क्लिक केलं तर नोटपॅडच उघडतंय, किंवा कशाने उघडू असं विचारतंय. थेट कनेक्ट का होत नाहीये?

कारण त्या एक्स्टेन्शनची (नावाच्या शेवटच्या डॉट आरडीपी या भागाची) जोडणी दुसऱ्याच प्रोग्रामशी झालीये. कोणीतरी एकदा आत काय आहे ते बघायला नोटपॅड निवडलं आणि नेहमी हेच वापरा वर टिक राहिली, की झालं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे एखादा थर्ड पार्टी रिमोट प्रोग्राम टाकला, त्याने डॉट आरडीपी स्वतःकडे घेतलं, नंतर तो काढून टाकला आणि जोडणी लटकत राहिली.

फाईलवर राईट क्लिक करा, ओपन विथ, चूज अनदर ॲप, तिथे रिमोट डेस्कटॉप कनेक्शन निवडा आणि नेहमीसाठी वालं बटण दाबा. यादीत नाव दिसत नसेल तर ब्राउझ करून विंडोज फोल्डरच्या आतल्या सिस्टम३२ मध्ये जा, तिथे एमएसटीएससी नावाची एक्झी आहे, ती दाखवा. हाच तो प्रोग्राम. नाव विचित्र वाटतं कारण ते मायक्रोसॉफ्ट टर्मिनल सर्व्हिसेस क्लायंटचं लघुरूप आहे, जुन्या काळातलं, तसंच चालत आलंय.

आणखी एक गोष्ट बघून घ्या, फाईलचं खरं नाव काय आहे ते. मेलने किंवा चॅटवर पाठवताना कधी कधी शेवटी डॉट टीएक्सटी चिकटतं आणि विंडोज एक्स्टेन्शन लपवत असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही, मग आपण बसतो ओपन विथ बदलत. एक्सप्लोररच्या व्ह्यू मध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, लगेच कळेल.

रिमोट डेस्कटॉप ॲप बंद झालं असं ऐकलं, मग या फाईल चालणार का?

बंद झालं ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं रिमोट डेस्कटॉप नावाचं ॲप, २७ मे २०२५ पासून त्याचा सपोर्ट संपला. विंडोजमध्ये आधीपासून असलेलं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन म्हणजे एमएसटीएससी, ते वेगळं. नावं इतकी सारखी ठेवल्यावर लोक गोंधळणार नाहीत तर काय. तुमच्या फाईल एमएसटीएससीने उघडत असतील तर त्या बातमीशी तुमचा संबंध नाही.

डबल क्लिक नको, प्रोग्राम उघडून त्यातूनच फाईल उघडायची आहे. ओपन कुठे आहे?

लपलेलं आहे. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडलं की छोटी खिडकी येते, त्यात खाली डावीकडे शो ऑप्शन्स आहे ते दाबा. आता टॅब दिसतील, पहिल्या जनरल टॅबमध्ये खाली कनेक्शन सेटिंग्ज म्हणून चौकट आहे आणि तिथे सेव्ह, सेव्ह ॲज, ओपन अशी तीन बटणं. ओपनने फाईल उघडली की लगेच कनेक्ट होत नाही, फक्त सेटिंग भरल्या जातात, मग तुम्ही बघून, हवं ते बदलून कनेक्ट दाबायचं. मला विचाराल तर अनोळखी फाईलसाठी हाच रस्ता बरा, कारण लोकल रिसोर्सेस टॅबवर एक नजर टाकता येते.

हेच काम फाईलवर राईट क्लिक करून एडिट निवडलं तरी होतं. तिथे कनेक्ट आणि एडिट असे दोन पर्याय येतात, डबल क्लिक म्हणजे कनेक्ट.

कमांड लाईनवरून किंवा शॉर्टकटने उघडता येते का?

हो आणि एकदा सवय लागली की डबल क्लिकपेक्षा हेच आवडतं. रनमध्ये एमएसटीएससी लिहा, एक स्पेस, पुढे फाईलचा पूर्ण पाथ. पाथमध्ये कुठेही स्पेस असेल तर पूर्ण पाथ डबल अवतरण चिन्हात घालायचा, नाहीतर प्रोग्राम अर्ध्या नावाची फाईल शोधत बसतो आणि अशी फाईल नाही म्हणून ओरडतो. या एका कारणाने जेवढे लोक अडकतात तेवढे बाकी कशाने अडकत नसतील.

पुढे स्लॅश देऊन स्विच लावता येतात. स्लॅश ॲडमिन म्हणजे सर्व्हरचं ॲडमिन सेशन, स्लॅश एफ म्हणजे फुल स्क्रीन, स्लॅश मल्टिमॉन म्हणजे सगळे मॉनिटर, स्लॅश प्रॉम्प्ट म्हणजे क्रेडेन्शियल (युजरनेम, पासवर्ड) विचारूनच पुढे जा. स्लॅश एडिट आणि फाईलचं नाव दिलं तर कनेक्ट न करता सेटिंगची खिडकी उघडते. बाकीचे बघायचे असतील तर एमएसटीएससी स्लॅश प्रश्नचिन्ह.

टास्कबारवर ठेवायचंय का? डॉट आरडीपी फाईल ओढून टास्कबारवर स्वतंत्र पिन होत नाही. पण शॉर्टकट बनवला आणि त्याच्या टार्गेटमध्ये आधी एमएसटीएससी आणि मग पाथ असं लिहिलं, की तो शॉर्टकट पिन होतो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की पण देता येते, म्हणजे कंट्रोल ऑल्ट आणि एखादं अक्षर दाबलं की सर्व्हर हजर.

मी काहीच सेव्ह केलं नव्हतं तरी जुन्या सेटिंग कुठून येतात?

डिफॉल्ट डॉट आरडीपी. तुमच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ही फाईल असते, हिडन असते म्हणून दिसत नाही. कुठलीही फाईल न देता एमएसटीएससी उघडलं की ते हिच्यातून सेटिंग घेतं, आणि फाईलचं नाव न देता सेव्ह दाबलं की हिच्यातच लिहितं. काही विचित्र चाललं असेल, म्हणजे आवाज येत नाही, क्लिपबोर्ड चालत नाही, दर वेळी चुकीच्याच साइझमध्ये उघडतंय, तर ती डिलीट करा, नवीन आपोआप बनते. नाव टाइप करताना खाली येणारी जुन्या सर्व्हरची यादी मात्र या फाईलमधून येत नाही, ती रजिस्ट्रीत म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात असते, त्यामुळे फाईल उडवली तरी यादी तिथेच राहते.

पासवर्ड सेव्ह केला होता, फाईल दुसऱ्या पीसीवर नेली तर परत विचारतोय. का?

विचारलाच पाहिजे! पासवर्ड फाईलबरोबर गेला असता तर ती फाईल ज्याच्या हाती लागली त्याच्या हाती सर्व्हर गेला असता.

होतं असं की हल्लीचं एमएसटीएससी पासवर्ड फाईलमध्ये ठेवतच नाही, तो विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जातो, तिथे टर्मएसआरव्ही स्लॅश सर्व्हरचं नाव अशी नोंद दिसेल. जुन्या फाईलमध्ये पासवर्ड ५१ अशी एक ओळ असायची आणि पुढे लांबलचक आकडे अक्षरं. तो पासवर्ड विंडोजच्या डीपीएपीआय या अंगभूत सोयीने एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली त्या युजरच्या त्या विंडोज प्रोफाइलशी बांधलेली असते. म्हणून ती ओळ कॉपी करून दुसऱ्या पीसीवर नेऊन काहीही होत नाही. नवीन पीसीवर एकदा टाका, रिमेंबर मी टिक करा, विषय संपला.

त्याच पीसीवर सुद्धा रोज विचारत असेल तर मात्र कारण वेगळं. आधी बघा फाईलमध्ये प्रॉम्प्ट फॉर क्रेडेन्शियल्स च्या पुढे १ आहे का, असेल तर ० करा. जनरल टॅबवर ऑलवेज आस्क फॉर क्रेडेन्शियल्स वर टिक असेल तर काढा. तरीही विचारतोय म्हणजे बहुतेक सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी (ॲडमिनने सगळ्यांसाठी ठरवलेला नियम) लावलीये की कनेक्ट होताना दर वेळी पासवर्ड मागा, आणि ते तुमच्या बाजूने बदलता येत नाही, ॲडमिनला विचारा, तो नाही म्हणेल. आणि अजून एक, सेव्ह करताना सर्व्हरचं नाव आयपीने दिलं आणि फाईलमध्ये होस्टनेम म्हणजे मशीनचं नाव आहे, तर क्रेडेन्शियल मॅनेजरसाठी ती दोन वेगळी मशीन आहेत. दोन्हीकडे एकच ठेवा.

उघडताना पब्लिशर ओळखता येत नाही अशी पिवळी वॉर्निंग येते. व्हायरस आहे का?

वॉर्निंग एवढंच सांगते की फाईलवर डिजिटल सही नाही, कोणी बनवली ते सांगता येत नाही. तुम्ही स्वतः काल सेव्ह केलेल्या फाईलवरही ती येते कारण तुम्ही तरी कुठे सही केलीये.

ऑफिसमध्ये बऱ्याच लोकांना फाईल वाटायच्या असतील तर सही करणं शहाणपणाचं. विंडोजमध्ये आरडीपीसाइन नावाचं टूल असतं, त्याला सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (त्याची ओळख पटवणारा कोड) आणि फाईल द्यायची, ते फाईलच्या शेवटी साइनस्कोप आणि सिग्नेचर अशा दोन ओळी जोडतं. साइनस्कोप म्हणजे कुठल्या कुठल्या ओळींवर सही आहे त्याची यादी. मग त्या ओळींपैकी एखादी कोणी हाताने बदलली, समजा पत्ता बदलला, तर सही तुटते आणि क्लायंट ती फाईल मान्य करत नाही. म्हणून सही केलेली फाईल नोटपॅडमध्ये दुरुस्त करायची नाही, मूळ फाईल दुरुस्त करून परत सही करायची. पुढे ग्रुप पॉलिसीत त्या थंबप्रिंटला ट्रस्टेड पब्लिशर म्हणून टाकलं की लोकांना वॉर्निंग दिसतच नाही, आणि तिथेच अनोळखी पब्लिशरच्या फाईल सरळ बंद करायची पॉलिसीही आहे.

याच्यानंतर येणारी दुसरी वॉर्निंग, सर्व्हरची ओळख पटत नाही वाली, ती वेगळी गोष्ट. ती फाईलबद्दल नाही, समोरच्या मशीनच्या सर्टिफिकेटबद्दल आहे. लोक दोन्ही एकाच झपाट्यात येस येस करून टाकतात. फाईलमध्ये ऑथेंटिकेशन लेव्हल नावाची ओळ असते: १ असेल तर ओळख पटली नाही की कनेक्टच करत नाही, २ असेल तर विचारतो, ० असेल तर काही न विचारता कनेक्ट करतो. वॉर्निंगचा त्रास नको म्हणून ० करा असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो, तो ऐकू नका.

मेलवर आलेली कनेक्शन फाईल उघडू का?

पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय अजिबात नाही. जरा नीट सांगतो कारण इथे चांगले चांगले लोक फसतात.

आपल्या डोक्यात असं बसलेलं असतं की रिमोट डेस्कटॉप म्हणजे मी दुसऱ्याच्या पीसीत जातोय, मग धोका झाला तर त्याला. पण कनेक्ट होताना तुमच्या पीसीच्या वस्तू तिकडे जोडल्या जातात, ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर, कॅमेरा, माइक, स्मार्ट कार्ड, आणि काय काय जोडायचं ते ती फाईल ठरवते. ड्राइव्हज टू रिडायरेक्ट या ओळीपुढे फक्त तारा म्हणजे स्टार टाकला की तुमच्या सगळ्या ड्राइव्ह समोरच्या मशीनला दिसायला लागतात. समोरचं मशीन चोराचं असेल तर? तुम्ही त्याच्या घरात जायच्या नादात स्वतःच्या घराच्या चाव्या त्याच्या टेबलावर ठेवल्यात.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने याबद्दल जाहीर इशारा दिला होता: मिडनाइट ब्लिझार्ड नावाने ओळखला जाणारा रशियन हॅकर गट, ज्याला एपीटी२९ पण म्हणतात, त्यांनी २२ ऑक्टोबरपासून शंभरावर संस्थांमधल्या हजारो लोकांना मेल पाठवले आणि त्यात डॉट आरडीपी फाईल जोडल्या होत्या. मेल मायक्रोसॉफ्टच्या माणसाकडून किंवा ॲमेझॉनच्या क्लाउड सर्व्हिसकडून आल्यासारखे दिसत होते. आणि लक्षात घ्या, त्या फाईलवर सही होती, फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट वापरून केलेली. म्हणजे पब्लिशर अनोळखी असल्याची पिवळी वॉर्निंग नाही आली म्हणून फाईल चांगली, हा हिशोब चुकतो. सही एवढंच सांगते की या नावाने सही झालीये. ते नाव कोणाचं आहे ते तुम्हीच वाचायचं असतं.

तेव्हा फाईल आली तर आधी नोटपॅडमध्ये उघडा. फुल ॲड्रेस बघा, ओळखीचा सर्व्हर आहे का. ड्राइव्हज टू रिडायरेक्ट बघा, पुढे रिकामं असेल तर उत्तम. रिडायरेक्ट क्लिपबोर्ड बघा, कॉपी पेस्ट लागत नसेल तर ० करा, कारण क्लिपबोर्डमध्ये तुम्ही नुकताच कॉपी केलेला पासवर्ड असू शकतो. अल्टरनेट शेलपुढे काही लिहिलेलं किंवा रिमोट ॲप्लिकेशन मोडपुढे १ दिसलं तर समजा की उघडल्यावर पूर्ण डेस्कटॉप न दिसता एखादाच प्रोग्राम दिसेल, तो तुमच्याच पीसीवरचा वाटेल इतका बेमालूम, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ऑफिस चालवणाऱ्यांनी तर मेल सर्व्हरवरच हे एक्स्टेन्शन अडवून टाकावं, बाहेरून डॉट आरडीपी येण्याचं खरं कारण फार क्वचित असतं.

वेब पोर्टलवरून फाईल डाउनलोड होते पण आपोआप उघडत नाही. ब्राउझरला सांगता येतं का?

येतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरलमध्ये ॲप्लिकेशन्सची यादी आहे, तिथे प्रत्येक प्रकारच्या फाईलसाठी काय करायचं ते ठरवता येतं. सिट्रिक्सच्या डॉट आयसीए फाईलसाठी हे करणं समजू शकतो, कारण तिथे दर वेळी नवीन फाईल येते. डॉट आरडीपीसाठी मी तरी करणार नाही, वरचं उत्तर वाचलं असेल तर कारण कळलंच असेल.

काल डाउनलोड केलेली सिट्रिक्सची किंवा डॉट व्हीव्ही फाईल आज उघडत नाही. खराब झाली का?

खराब नाही, शिळी झाली. या फाईल सेव्ह करून ठेवायच्या नसतातच. डॉट आयसीएमध्ये त्या एका सेशनचं तिकीट असतं जे थोड्याच वेळात संपतं, आणि उघडल्यावर फाईल स्वतःला पुसून टाकेल अशी ओळही बऱ्याचदा असते. डॉट व्हीव्हीचं तसंच, प्रॉक्समॉक्ससारख्या व्हर्च्युअल मशीन सिस्टममधून ती येते, रिमोट व्ह्यूअर नावाच्या प्रोग्रामने उघडते, आत तात्पुरता पासवर्ड, आणि डिलीट धिस फाईल बरोबर १ अशी ओळ. म्हणून लोक म्हणतात फाईल उघडली आणि गायब झाली. ती गायब होण्यासाठीच बनलेली आहे. पोर्टलवर जा, नवीन घ्या.

लिनक्सवर डॉट आरडीपी थेट उघडते का?

उघडते. रेमिना हा रिमोट डेस्कटॉप प्रोग्राम टाकलेला असेल तर टर्मिनलमध्ये रेमिना, मग डॅश सी, मग फाईलचा पाथ, इतकं पुरतं. रेमिनाची स्वतःची फाईल डॉट रेमिना एक्स्टेन्शनची असते आणि होम फोल्डरच्या आत डॉट लोकल, शेअर, रेमिना इथे साठते, तीही तशीच डॅश सीने उघडते. रोज लागणारं कनेक्शन असेल तर डॉट आरडीपी एकदा इम्पोर्ट करून टाका.

फ्रीआरडीपी हा दुसरा प्रोग्राम वापरत असाल तर एक्सफ्रीआरडीपी, पुढे फाईल, आणि त्याच्याही पुढे तुमचे स्विच, स्लॅश यू कोलन युजरनेम वगैरे. क्रम महत्त्वाचा, आधी फाईल द्यायची आणि मग जे बदलायचं ते. तिसऱ्या आवृत्तीपासून काही डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या प्रकारांमध्ये) कमांडच्या नावाला शेवटी ३ लागतो, तेव्हा कमांड सापडत नाही असं आलं तर तेही करून बघा.

डबल क्लिकने उघडायचं असेल तर फाईल मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, ओपन विथ, रेमिना. टर्मिनलवाल्यांसाठी एक्सडीजी माइम ही कमांड आहेच, फाईलचा प्रकार ॲप्लिकेशन स्लॅश एक्स डॅश आरडीपी. विंडोजने सेव्ह केलेला पासवर्ड इकडे येणार नाही, ते वर सांगितलंच.

मॅकवर आणि फोनवर?

मॅकवर आधी जे मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप होतं त्याचं नाव सप्टेंबर २०२४ पासून विंडोज ॲप झालं. मॅकवर विंडोज ॲप, असो. ते टाकलं की डॉट आरडीपीवर डबल क्लिक चालतं, आणि ॲपमध्ये फाईल इम्पोर्टही करता येते. फरक एवढाच की इम्पोर्ट म्हणजे कॉपी, नंतर ऑफिसने फाईल बदलून दिली तरी तुमच्या ॲपमधलं कनेक्शन जुन्याच पत्त्यावर जात राहील. दुसराच प्रोग्राम उघडत असेल तर फाईलवर गेट इन्फो, ओपन विथ, आणि खाली चेंज ऑल दाबायला विसरू नका, नाहीतर बदल त्या एकाच फाईलपुरता राहतो.

फोनवर फाईलपेक्षा ॲपमध्ये हाताने पीसी जोडणं सोपं पडतं.

व्हीएनसीची सेव्ह केलेली फाईल पण अशीच असते का?

दिसायला तशीच, टेक्स्ट फाईल, बहुतेक व्ह्यूअरमध्ये डॉट व्हीएनसी एक्स्टेन्शन, टायगरव्हीएनसीचं डॉट टायगरव्हीएनसी. व्ह्यूअरच्या नावापुढे फाईल दिली की उघडते. पण एका बाबतीत ही जास्त धोक्याची: जुन्या धाटणीच्या व्हीएनसीमध्ये पासवर्ड सेव्ह केला तर तो ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होतो ती किल्ली सगळीकडे एकच आणि सगळ्यांना माहीत, म्हणजे तो एन्क्रिप्शन नसून नुसता बुरखा आहे. फाईल मिळाली की पासवर्ड मिळाला. डीपीएपीआयसारखं मशीनशी बांधलेलं काही नाही. अशी फाईल शेअर्ड फोल्डरवर ठेवू नका, मेल करू नका.

पुटीचं सेव्ह केलेलं सेशन फाईल म्हणून कुठे मिळेल?

मिळणार नाही, पुटी (सर्व्हरला टर्मिनलमधून जोडणारा प्रोग्राम) विंडोजवर सेशन रजिस्ट्रीत ठेवतं. थेट उघडायचं असेल तर पुटी, डॅश लोड, आणि सेशनचं नाव अवतरण चिन्हात, असा शॉर्टकट बनवा. दुसऱ्या पीसीवर न्यायचं तर रजिस्ट्रीतून ती शाखा एक्सपोर्ट करावी लागते.

पन्नास सर्व्हर आहेत, पन्नास फाईल सांभाळायच्या का?

नका सांभाळू. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन मॅनेजर आहे, आरडीसीमॅन म्हणतात, त्याची एकच डॉट आरडीजी फाईल असते आणि तिच्यात ग्रुप करून सगळे सर्व्हर. ती एक्सएमएल फाईल आहे. याचीही एक गोष्ट आहे, २०२० मध्ये त्यात दोष सापडला की मुद्दाम बनवलेली डॉट आरडीजी उघडली तर तुमच्या पीसीवरच्या फाईल वाचता येतात, तेव्हा मायक्रोसॉफ्टने दुरुस्त करण्याऐवजी प्रोग्रामच काढून टाकला, आणि मग २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या टूलसंचात तो दुरुस्त होऊन परत आला. त्यामुळे कुठल्यातरी जुन्या पेन ड्राइव्हवरची २.७ आवृत्ती वापरत असाल तर आधी ती बदला. एमरिमोटएनजी हा ओपन सोर्स पर्यायही चांगला, त्यात आरडीपी, व्हीएनसी, एसएसएच सगळं एकाच खिडकीत टॅबमध्ये उघडतं.

फाईल उघडते, कनेक्टही होतं, पण खिडकी दिसतच नाही!

दुसरा मॉनिटर काढलात ना? फाईलमध्ये विनपॉसएसटीआर नावाची ओळ असते, त्यात खिडकीची मागच्या वेळची जागा लिहिलेली असते, आणि ती जागा आता अस्तित्वात नसलेल्या मॉनिटरवर असू शकते. ती ओळच उडवा. तात्पुरतं म्हणजे टास्कबारवर ते निवडून विंडोज की आणि बाण दाबले तर खिडकी आत येते. आणि तीनपैकी दोनच मॉनिटरवर उघडायचं असेल तर यूज मल्टिमॉनला १ आणि सिलेक्टेड मॉनिटर्सपुढे त्यांचे नंबर स्वल्पविरामाने, नंबर कुठले ते एमएसटीएससी स्लॅश एल दाखवतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये दिसणारे नंबर आणि हे नंबर जुळतीलच असं नाही, म्हणून अंदाजाने टाकू नका.

सगळ्या टीमला एकच फाईल दिली तर चालेल?

चालेल, फक्त स्वतःची सेव्ह केलेली फाईल जशीच्या तशी फॉरवर्ड करू नका. तिच्यात तुमचं युजरनेम असतं, मग सगळ्यांना तुमचं नाव दिसतं, ते तिथेच आपला पासवर्ड टाकत बसतात आणि तुमचं अकाउंट लॉक होतं. युजरनेमची ओळ काढा, विनपॉसएसटीआर काढा, रुंदी उंचीच्या ओळी काढा कारण तुमचा मॉनिटर मोठा असेल आणि त्यांचा लॅपटॉप, पासवर्ड ५१ असेल तर ती काढा. गेटवे (बाहेरून आत जोडून देणारा मधला सर्व्हर) लागत असेल तर गेटवे होस्टनेम तेवढं नीट ठेवा. आयपीऐवजी सर्व्हरचं नाव लिहा, म्हणजे उद्या आयपी बदलला तरी फाईल परत वाटायला नको. मग सही करा आणि शेअर्ड फोल्डरवर रीड ओन्ली ठेवा.

फाईल बरोबर आहे, तरी कनेक्ट होत नाही.

मग फाईलला सोडा. पॉवरशेलमध्ये टेस्ट नेटकनेक्शन, सर्व्हरचं नाव, डॅश पोर्ट ३३८९ असं टाकून बघा, फॉल्स आलं तर मधे फायरवॉल आहे, व्हीपीएन बंद आहे किंवा समोरचं मशीनच झोपलंय. पोर्ट बदललेला असेल तर फाईलमध्ये पत्त्यापुढे कोलन आणि तो पोर्ट लागतो. आणि समोरच्या पीसीवर विंडोज होम असेल तर शोधाशोध थांबवा, होम आवृत्तीवरून दुसरीकडे कनेक्ट करता येतं पण होमवर बाहेरून आरडीपीने येता येत नाही, त्यासाठी प्रो किंवा वरची आवृत्ती लागते.